फ्रेडी मर्क्युरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि वारंवार दिली जाणारी चुकीची उत्तरं

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी म्हटलं की आधी मिशी आठवते, मग पिवळं जॅकेट, मग लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमचा मंच. पियानो आठवतो सगळ्यात शेवटी, तोही आठवलाच तर. मिशी त्याने १९८० मध्ये ठेवली, पियानोवर बोटं पडली ती सातव्या वर्षी. त्यामुळे खालच्या उत्तरांत पियानोला झुकतं माप आहे.

फ्रेडी मर्क्युरी भारतीय होता का?

जन्म भारतातला नाही आणि नागरिकत्वही भारताचं नाही. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये तो जन्मला. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं. नाव फारूख बलसारा. वडील बोमी आणि आई जेर, दोघंही पारशी. आडनाव बलसार या गावावरून आलेलं, म्हणजे आजचं गुजरातमधलं वलसाड. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. धाकटी बहीण काश्मिरा १९५२ची.

शिक्षण मात्र महाराष्ट्रातलं. वयाच्या आठव्या वर्षी त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये पाठवलं गेलं. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला आलं. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी घर केलं. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता. ‘मुंबईचा मुलगा’ हे आपल्याकडचं कौतुक म्हणून ठीक, पण अचूक वर्णन म्हणजे झांझिबारला जन्मलेला, पाचगणीत शिकलेला, ब्रिटिश पारशी.

पाचगणीत तो नेमकं काय शिकला?

पियानो, चित्रकला, बॉक्सिंग आणि ‘फ्रेडी’ हे नाव. ‘फारूख’चं ‘फ्रेडी’ शाळेतच झालं. १९५८च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. फ्रेडी त्यात मुख्य गायक नव्हता. पियानो वाजवायचा आणि मागे सूर धरायचा. मधोमध उभं राहून गायचं काम दुसऱ्याच मुलाकडे होतं. त्याच पाचांतला डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडमध्ये अभिनेता झाला, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरलपदापर्यंत पोचला.

शाळा बघता येते का?

पाचगणी पुण्याहून साधारण १०० किलोमीटर. सातारा रस्त्याने सुरूर फाट्यापर्यंत, तिथून उजवीकडे वाई, मग पसरणी घाट चढला की गाव येतं. एसटीने जायचं तर स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी पकडा आणि पाचगणीला उतरा. पण सेंट पीटर्स ही आजही चालू निवासी शाळा आहे, संग्रहालय नाही. मुलं तिथे राहतात. आधी लेखी परवानगी नसेल तर फाटकावरून परत फिरावं लागेल, आणि ते योग्यच आहे.

‘मर्क्युरी’ कुठून आलं?

क्वीनच्या १९७३च्या पहिल्या अल्बममध्ये ‘माय फेअरी किंग’ हे त्याचं गाणं आहे. त्यातल्या एका ओळीत ‘मदर मर्क्युरी’ येते. ती आपलीच आई आहे, तेव्हा आपण मर्क्युरी, असं त्याने ठरवून टाकलं.

बँडचं ‘क्वीन’ हे नाव त्याचंच आणि बोधचिन्हही त्याचंच. ईलिंगच्या कला महाविद्यालयात तो ग्राफिक डिझाइन शिकला होता. चिन्हाकडे एकदा नीट बघा: दोन सिंह म्हणजे बँडमधले सिंह राशीचे रॉजर टेलर आणि जॉन डीकन, खेकडा म्हणजे कर्केचा ब्रायन मे, दोन पऱ्या म्हणजे कन्या राशीचा स्वतः फ्रेडी. वर पंख पसरलेला फिनिक्स. पाश्चात्त्य पद्धतीच्या, म्हणजे सूर्याच्या राशी आहेत या. आपल्या पंचांगाने मांडल्या तर जमणार नाहीत.

क्वीनची सगळी गाणी फ्रेडीची आहेत ना?

नाहीत, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. क्वीनमधले चौघंही गाणी लिहायचे, चौघांचीही गाणी गाजली आहेत.

१९८१चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. त्याच्या ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी आहेत. त्यातली १० फ्रेडीची: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘किलर क्वीन’, ‘समबडी टू लव्ह’, ‘वी आर द चॅम्पियन्स’, ‘डोन्ट स्टॉप मी नाउ’, ‘बायसिकल रेस’, ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’, ‘प्ले द गेम’, ‘गुड ओल्ड फॅशन्ड लव्हर बॉय’ आणि ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’. पाच ब्रायन मेची, दोन जॉन डीकनची.

शाळेच्या स्नेहसंमेलनापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत वाजणारं ‘वी विल रॉक यू’ हे ब्रायन मेचं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आणि ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ डीकनची, ‘रेडिओ गा गा’ टेलरचं. ‘द शो मस्ट गो ऑन’ मुख्यतः ब्रायन मेने रचलं. फ्रेडीने मृत्यूपूर्वी स्वतःवर लिहिलेलं गाणं म्हणून ते फिरतं, ते चूक. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून चौघांनी ठरवून सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावावर टाकली. त्यामुळे १९८९ ते १९९१ च्या अल्बमवरून कोणतं कोणाचं हे कळत नाही. मतभेद टाळणं आणि मानधनाची वाटणी, दोन्ही त्याने सोपं झालं.

त्याची गाणी ओळखायची कशी?

तीन खुणा. एक, गाणं बहुतेक पियानोवर बांधलेलं असतं, म्हणून काळ्या पट्ट्यांचे स्वर त्यात फार. गिटारवाल्यांना ते अडचणीचे. दोन, मुखडा-अंतरा-मुखडा हा ठरलेला रस्ता तो मध्येच सोडतो. तीन, सुरांचे थर. ‘समबडी टू लव्ह’मध्ये अख्खं चर्चमधलं गायकवृंद ऐकू येतं. प्रत्यक्षात ते तिघंच आहेत, फ्रेडी, मे आणि टेलर, पुन्हापुन्हा स्वतःवरच ध्वनिमुद्रित केलेले.

अपवाद ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’. म्युनिकच्या हॉटेलात आंघोळीच्या टबमध्ये सुचलं आणि त्याने ते गिटारवर बसवलं. गिटार त्याला जेमतेम यायची, म्हणून गाणं सरळ राहिलं. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ कसं तयार झालं?

ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७५च्या शेवटी वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं. नंतर लंडनचे आणखी काही स्टुडिओ लागले. निर्माता रॉय थॉमस बेकर. सुरुवातीला टेपवर फक्त पियानो, बास आणि ड्रम होते, आणि मध्ये मोकळी जागा. इथे ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकासारखं गाणं, येणार, एवढंच फ्रेडीने सांगितलेलं. मांडणी त्याच्या डोक्यात आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर होती. त्यावर नोटेशन नव्हतं, स्वरांच्या नावांची इंग्रजी अक्षरं चौकटीचौकटींनी लिहिलेली होती.

खरी अडचण टेपची. तेव्हाच्या यंत्रावर २४ ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे भरायचे २४ कप्पे, मिळत. त्यातले बरेच वाद्यांनी आधीच अडवलेले. उरलेल्यांत ऑपेऱ्याचे आवाज मावणार कसे? उपाय असा: तीन जणांनी एक सूर गायचा, मग दुसरा, मग तिसरा. तीन-चार ट्रॅक भरले की ते मिसळून एकाच ट्रॅकवर उतरवायचे. आधीचे पुसले की पुन्हा जागा मोकळी, पुन्हा गायचं. खालचे सूर मेचे, मधले फ्रेडीचे, टिपेचे टेलरचे. ऑपेऱ्याच्या शेवटचा तो कानात घुसणारा उंच सूर टेलरचाच आहे, फ्रेडीचा नाही. दिवसाला १० ते १२ तास गाणं चालायचं. असे सुमारे १८० थर चढले.

या पद्धतीची किंमत असते. प्रत्येक उतरवणीत थोडी खरखर वाढते आणि वरचे बारीक सूर बोथट होतात. शिवाय टेप पुन्हापुन्हा हेडवरून घासली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजतो. शेवटी शेवटी टेप उजेडासमोर धरली की पलीकडचं दिसत होतं. म्हणूनच ऑपेऱ्याचा भाग बाकी गाण्यापेक्षा किंचित धुरकट ऐकू येतो. तो तुमच्या हेडफोनचा दोष नाही.

गाणं भरलं ५ मिनिटं ५५ सेकंद. एवढं लांब रेडिओ वाजवणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं. केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर एकाच शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं. ३१ ऑक्टोबर १९७५ला ते बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिलं राहिलं. फ्रेडीच्या निधनानंतर पुन्हा काढलं तेव्हा आणखी ५ आठवडे.

हे गाणं हार्मोनियमवर किंवा गिटारवर बसवायचं आहे. कुठे अडतं?

आधी पट्ट्या, म्हणजे गाण्याचे आधारस्वर; नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या चाव्यांवरून. सुरुवातीचा वाद्याविना भाग आणि त्यानंतरची संथ सुरावट काळी पाचमध्ये सुरू होते आणि पुढे काळी दोनवर सरकते. ऑपेरा पांढरी सहामध्ये. रॉकचा भाग पुन्हा काळी दोन. शेवट हळूच पांढरी चारवर जाऊन टेकतो, आणि त्यावर टेलरने वाजवलेला घंटेचा टोल.

हार्मोनियमवर पहिली अडचण पाऊण मिनिटानंतर येते. पियानोवर फ्रेडी तिथे डावा हात उजव्यावरून पलीकडे नेऊन वरचे स्वर घेतो. हार्मोनियमवर डावा हात भात्याला अडकलेला. तेव्हा ते वरचे स्वर गाळा, किंवा शेजारी दुसरा वादक बसवा. दुसरी अडचण: पियानोचा स्वर वाजून विरतो, पेटीचा दाबून ठेवला तर तसाच राहतो. सुटे सुटे स्वर एकात एक मिसळून चिखल होतो. प्रत्येक स्वर वेळेत सोडा.

गिटारवर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. मग जी कॉर्डचा आकार काळी पाच देतो आणि सी कॉर्डचा आकार काळी दोन. संथ भाग आरामात निघतो. ऑपेऱ्यात पांढरी सहा येते आणि त्याच कॅपोवर हाताला एफ शार्पचा आकार धरावा लागतो. बहुतेक लोक इथेच थांबतात. थांबायला हरकत नाही: क्वीनने स्वतः ऑपेऱ्याचा भाग मंचावर कधी गायला नाही. दिवे मालवून, चौघं आत जाऊन, तेवढी टेप वाजवली जायची.

गाणाऱ्याने पट्टी दोन-तीन सुरांनी खाली आणावी. मूळ पट्टीचा हट्ट धरला की सुरुवात छान होते आणि तिसऱ्या मिनिटाला गळा बसतो.

त्याचा आवाज चार सप्तकांचा होता, हे खरं का?

मोजून सिद्ध झालेलं नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक आणि स्वीडनच्या संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत खालचा स्वर ९२ हर्ट्झच्या आसपास आणि सर्वांत वरचा ७८४ हर्ट्झचा मिळाला, म्हणजे तीन सप्तकं आणि वर अर्धा सूर. उत्तम आहे, पण चार नव्हे.

त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी त्यात निघाल्या. मुलाखतींमधल्या बोलण्याची सरासरी पट्टी ११७ हर्ट्झ, म्हणजे जवळपास काळी पाच. बोलण्यातला आवाज बॅरिटोनचा, म्हणजे मध्यम-जाड, आणि गायचा टेनरसारखा उंच. दुसरी गोष्ट कंपाची. लांबवलेल्या स्वरावर त्याचा कंप सेकंदाला सात वेळा होई. प्रशिक्षित गायकांत तो साधारण ५.४ ते ६.९ असतो. फ्रेडीचा त्याहून जलद आणि थोडा अनियमित. नक्कल करणाऱ्यांना स्वर गाठता येतो, हा कंप गाठता येत नाही.

पुढच्या दातांमुळे आवाज तसा होता का?

तोंडात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. दुरुस्त केले तर आवाज बदलेल ही भीती त्याला होती, म्हणून त्याने हात लावू दिला नाही. दातांमुळे आवाज चांगला झाला, याला मात्र पुरावा नाही.

लाइव्ह एडमध्ये एवढं काय होतं?

वेळेचा हिशेब. लाइव्ह एड म्हणजे इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा कार्यक्रम: १३ जुलै १९८५, वेम्ब्ली, सुमारे ७२ हजार माणसं, आणि प्रत्येकाला २० मिनिटांच्या आसपास वेळ. क्वीनने आधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली. नवीन काही वाजवायचं नाही, लोकांना पाठ असलेलंच वाजवायचं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा फक्त संथ भाग घेतला आणि गिटारचा तुकडा संपताच ‘रेडिओ गा गा’. मग ‘हॅमर टू फॉल’, ‘क्रेझी लिटल थिंग’, ‘वी विल रॉक यू’चा तुकडा आणि ‘चॅम्पियन्स’. मध्ये काही क्षण फ्रेडी एकटा, ‘ए ओ’ म्हणत लोकांकडून सूर काढून घेणारा. मैफलीत गवई तान टाकतो आणि श्रोत्याची दाद घेतो; इथे दादही त्याच सुरात मागितली होती.

२०१८चा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट कितपत खरा?

गाणी आणि कपडे बरोबर, तारखा नाहीत. चित्रपटात बँड फुटतो आणि लाइव्ह एडसाठी पुन्हा जुळतो. प्रत्यक्षात मे १९८५ मध्ये ते जपानमध्ये एकत्र दौरा संपवत होते. चित्रपटात फ्रेडी लाइव्ह एडआधी आजाराबद्दल सांगतो. प्रत्यक्षात एचआयव्हीचं निदान १९८७चं. ‘वी विल रॉक यू’ पडद्यावर १९८० मध्ये जन्मतं, खरं ते १९७७चं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं नाकारणारा रे फॉस्टर हा रेकॉर्ड कंपनीचा साहेब काल्पनिक आहे. फ्रेडी झालेल्या रामी मालेकला ऑस्कर मिळालं ते अभिनयासाठी, इतिहासासाठी नव्हे.

शेवटची वर्षं कशी गेली?

कामात. क्वीनसोबत शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ला नेबवर्थला झाला. १९८८ मध्ये ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर ‘बार्सिलोना’ हा अल्बम आला. १९९१च्या सुरुवातीला ‘इन्युएन्डो’. त्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत तो ‘मदर लव्ह’ गात होता. शेवटचं कडवं राहिलं. १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये ते ब्रायन मेने गायलं. ऐकताना आवाज कुठे बदलतो ते सहज कळतं.

२३ नोव्हेंबर १९९१ला त्याने एड्स असल्याचं निवेदन प्रसिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केन्सिंग्टनमधल्या ‘गार्डन लॉज’ या घरी तो गेला. वय ४५.

पारशी असून दहन का?

मुंबईच्या वाचकांना डुंगरवाडी, म्हणजे पारशांची अंत्यसंस्काराची जागा, माहीत असते, म्हणून हा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये दखमा, म्हणजे मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवायचा मनोरा, नाही. तिथले पारशी दफन किंवा दहन करतात. फ्रेडीवरचे संस्कार २७ नोव्हेंबरला झाले. पारशी धर्मगुरूंनी अवेस्ता भाषेत प्रार्थना म्हटल्या आणि मग दहन झालं. अस्थी मेरी ऑस्टिन या त्याच्या जिवलग मैत्रिणीने कुठे ठेवल्या ते तिने उघड केलेलं नाही.

मागे काय उरलं?

२० एप्रिल १९९२ला वेम्ब्लीत श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. त्यातून एड्सविरुद्धच्या कामासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. तो आजही चालू आहे.

घरातल्या वस्तू त्याने मेरी ऑस्टिनला दिल्या होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीजने त्यांचा लिलाव केला. सगळं मिळून सुमारे ४ कोटी पौंड आले. ज्या यामाहा पियानोवर त्याने गाणी रचली, तो सुमारे १७ लाख पौंडांना गेला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे हस्तलिखित कागद सुमारे १४ लाखांना. त्यांतल्या एका पानावर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असं लिहून खोडलेलं आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘ग्रेटेस्ट हिट्स’ बहुतेकांनी नकळत ऐकलेलाच असतो. त्यानंतर थेट ‘क्वीन टू’मधलं ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’. १९७४चं, साडेसहा मिनिटांचं आणि अवघड. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची तालीम इथे झाली असं म्हणता येईल. मग ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ पूर्ण, सलग. ‘बार्सिलोना’ घेताना २०१२ची आवृत्ती घ्या: मूळ अल्बममधल्या सिंथेसायझरच्या जागी तिच्यात खरा वाद्यवृंद आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. आवाज डावीकडून उजवीकडे फिरतात. एकच इअरफोन कानात घातला तर अर्धा ऑपेरा गायब.

कार्यक्रमात त्याची गाणी गायला परवानगी लागते का?

लागते. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे एकट्या फ्रेडीने रचलेल्या गाण्यांवर ३१ डिसेंबर २०५१पर्यंत. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. ‘अंडर प्रेशर’सारख्या संयुक्त रचनांचा हिशेब शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूपासून. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणार असाल तर रचनेसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना बघा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे कराओकेचा ट्रॅक कुठून घेतला तेही तपासा.

जगात कुठे काय बघता येतं?

माँट्रोला तळ्याकाठी इरेना सेडलेका यांनी घडवलेला, सुमारे तीन मीटर उंच पुतळा आहे, १९९६पासून. झांझिबारला स्टोन टाउनमध्ये २०१९ मध्ये संग्रहालय उघडलं. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी पाटी लागली. गार्डन लॉज खासगी आहे, बाहेरून भिंत दिसते.

त्याच्या टपाल तिकिटावरून वाद का झाला होता?

१९९९ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने १९ पेन्सचं तिकीट काढलं. राजघराण्याबाहेरची हयात व्यक्ती तिकिटावर नको, हा तिथला तेव्हाचा संकेत होता. चित्रात मागे ड्रमवर बसलेला रॉजर टेलर दिसत होता, आणि टेलर हयात होता.

‘मुस्तफा’ हे गाणं कोणत्या भाषेत आहे?

१९७८च्या ‘जॅझ’ अल्बमची सुरुवातच त्याने होते. थोडं इंग्रजी, थोडे अरबी-फारसी वळणाचे शब्द, आणि बाकी फ्रेडीने मनाने बनवलेलं. अर्थ लावत बसू नका. सुरुवातीची हाक मात्र मोठ्या आवाजात ऐका.